फाईल उघडंना झालीय मॅडम

रविवारी सकाळी पोहे परतत होते आणि फोन वाजला. शिरोली एमआयडीसीतले एक फॅब्रिकेशनवाले, माणूस एकदम सरळ, पण कॉम्प्युटर म्हटलं की घाबरतात. "मॅडम गेटची फाईल पाठवलीय बघा, तेवढं लेझरचं बघून रेट सांगा की, उद्या पार्टी येणार हाय." बघितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर २ केबीची फाईल. आता २ केबीत गेटची बिजागरी पण बसायची नाही हो. त्यांनी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट उचलून पाठवला होता, म्हणजे घर पाठवायच्या जागी घराच्या पत्त्याची चिठ्ठी, आणि तो पत्ता पण त्यांच्याच कॉम्प्युटरमधला. मी सांगितलं की काका हे उघडणार नाही, तर म्हणाले "आमच्यात तर उघडतंय की".

हे "आमच्यात तर उघडतंय" मी गेली वीस वर्षं ऐकतेय. कोल्हापुरात घरूनच ड्राफ्टिंग आणि डिझाईनची कामं करते, गिऱ्हाईक म्हणजे फौंड्रीवाले, लेझर कटिंगवाले, पॅटर्न मेकर (ओतकामासाठी नमुने करणारे), एखाददुसरा आर्किटेक्ट. ड्रॉइंग काढण्यात जेवढा वेळ जातो ना त्याच्या निम्मा तरी वेळ फाईल पाठवणे, परत पाठवणे, "ही नाही ती" यात जातो. मागच्या महिन्यात एकाने डीडब्लूएल फाईल पाठवली होती. डीडब्लूजी (ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची खरी फाईल) नव्हे, डीडब्लूएल. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडलं की त्याच फोल्डरमध्ये ही चिटुकली फाईल तयार होते, त्यात ड्रॉइंग कोणाच्या मशीनवर उघडं आहे एवढंच लिहिलेलं असतं. नाव सेम, त्यामुळे तीच अटॅच होते. आणि बॅक फाईल आली तर मात्र रडू नका, ती आधीच्या सेव्हची कॉपी असते, तिचं शेवटचं आडनाव बदलून डीडब्लूजी केलं की बहुतेक वेळा उघडते, माझी दोनतीन कामं वाचलीत त्यावर.

तर लोक विचारतात की मॅडम कुठल्या फॉरमॅटमध्ये पाठवू. मी उलटं विचारते, उघडणार कोण आहे, आणि उघडून करणार काय? नुसतं बघणार, की त्यात बदल करणार, की थेट मशीनला घालणार. या तिघांना एकच फाईल पाठवून चालत नाही, एवढं डोक्यात बसायला मला स्वतःला १८८ किलो लोखंड लागलं, ते खाली सांगते.

आधी डीडब्लूजी. आपल्याकडे कॅड ड्रॉइंग म्हणजे डीडब्लूजी असंच समीकरण आहे. ऑटोकॅडचं पहिलं व्हर्जन डिसेंबर १९८२ ला आलं, पण डीडब्लूजी त्याच्याही आधीची, माईक रिडल नावाच्या माणसाने इंटरॅक्ट म्हणून जो प्रोग्रॅम लिहिला होता त्यातून ती आली. गंमत म्हणजे इतकी वर्षं सगळं जग ही फाईल वापरतंय पण तिची आतली रचना ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीने कधी जाहीर करून सांगितलेली नाही. मग बाकीच्या कंपन्यांनी १९९८ मध्ये एकत्र येऊन ओपन डिझाईन अलायन्स काढली आणि फाईल उलटीसुलटी करून आत काय आहे ते शोधून काढलं. आज ऑटोकॅड सोडून जी स्वस्तातली कॅड सॉफ्टवेअर मिळतात, जी इथे निम्म्या वर्कशॉपमध्ये आहेत, त्यातली बरीचशी याच कामाच्या जिवावर डीडब्लूजी उघडतात. म्हणून कधीकधी ऑटोकॅडमध्ये फाईल उघडताना ती ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरमधून सेव्ह झालेली नाही असा इशारा येतो. त्याने घाबरायचं काही कारण नाही, ऑडिट कमांडने फाईल तपासून घ्यायची आणि कामाला लागायचं.

खरा त्रास व्हर्जनचा. "लोअर व्हर्जनला सेव्ह करून पाठवा" हे वाक्य आमच्या धंद्यात नमस्कारासारखं आहे. लोकांना वाटतं दरवर्षी नवीन ऑटोकॅड म्हणजे दरवर्षी नवीन फाईल, तसं नाहीये, फॉरमॅट मधूनमधूनच बदलतो. २००० चा फॉरमॅट २००२ पर्यंत चालला, २००४ चा २००६ पर्यंत, २००७ चा २००९ पर्यंत, २०१० चा २०१२ पर्यंत, २०१३ चा चक्क २०१७ पर्यंत, आणि २०१८ पासून तोच चाललाय. म्हणजे समोरच्याकडे ऑटोकॅड २०१५ असेल तर त्याला २०१३ फॉरमॅट द्यायचा, २०१४ चा पर्याय शोधत बसू नका, तो नाहीच. आणि आलेली फाईल कुठल्या व्हर्जनची हे कळत नसेल तर सोपी युक्ती आहे, फाईल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल पण पहिली सहा अक्षरं स्वच्छ वाचता येतात. एसी१०१५ असेल तर २०००, एसी१०१८ म्हणजे २००४, एसी१०२१ म्हणजे २००७, एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२७ म्हणजे २०१३ आणि एसी१०३२ म्हणजे २०१८. मी हे मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलंय. फक्त बघून सेव्ह करू नका हां नोटपॅडमधून, फाईल जाईल. व्हर्जन खाली आणायला ऑटोडेस्कचं डीडब्लूजी ट्रूव्ह्यू फुकट आहे, ओपन डिझाईन अलायन्सचा कन्व्हर्टर पण फुकट आहे, कोणाच्या हातापाया पडायची गरज नाही.

मी नेहमी २०१० फॉरमॅटमध्ये पाठवते. कोणी हसलं तर हसू दे. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावला अजून अशी मशीनं आहेत जिथे विंडोज एक्सपी चालू आहे आणि मालक म्हणतो चालतंय तोवर हात लावायचा नाही.

डीडब्लूजी पाठवताना अजून एक घोळ, ती एकटी नसते. आत दुसरं ड्रॉइंग एक्सरेफ म्हणून लावलेलं असतं, लोगोचं चित्र असतं, फॉन्ट असतात, आणि यातलं काहीच फाईलच्या पोटात नसतं, नुसता रस्ता लिहिलेला असतो, डी ड्राईव्ह अमुक फोल्डर तमुक. समोरच्याच्या डी ड्राईव्हमध्ये त्याच्या पोरीच्या लग्नाचे फोटो असतात. म्हणून ईट्रान्समिट ही कमांड आहे, ती सगळी पिलावळ गोळा करून एक झिप करून देते. ही कमांड माहीत नसलेले, दहा-दहा वर्षं काम केलेले ड्राफ्ट्समन मी बघितलेत, आणि त्यात मी पण होते.

फॉन्टवरून आठवलं. मराठी मजकूर असलेल्या ड्रॉइंगचं दुखणं वेगळंच. मी देणगीदारांचे बोर्ड, बंगल्यांची नावं, देवळाच्या कमानीवरची अक्षरं असली लेझरची कामं पण करते. जुने मराठी फॉन्ट, शिवाजी म्हणा श्रीलिपी म्हणा, हे युनिकोडच्या आधीचे, म्हणजे आत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वरून फक्त मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की मुखवटा गळून पडतो आणि देवाच्या नावाच्या जागी ब्रॅकेट, टक्का, डॉलर असलं काहीतरी येतं. ऑटोकॅडच्या फाईलमध्ये युनिकोड नीट आलं ते २००७ च्या फॉरमॅटपासून, त्यामुळे मराठी अक्षरं असतील तर २००४ किंवा त्याच्या खालच्या व्हर्जनला सेव्ह करायच्या भानगडीत पडू नये. आणि मशीनला जायचं असेल तर अक्षरं फोडून रेषाच करून टाकायच्या, फॉन्टचा प्रश्नच मिटला. तरी एक राहतंच, अनुस्वार. अक्षरं पत्र्यातून कापून काढली की शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, देवनागरीची ही केवढी सोय आहे बघा, इंग्रजीवाल्यांना प्रत्येक अक्षर वेगळं चिकटवावं लागतं. पण अनुस्वाराचा टिंब सुटा पडतो आणि थेट मशीनच्या खालच्या भंगारात जातो. एका बोर्डावर "गंगा"ची "गगा" झाली होती आणि ते कळलं बोर्ड चढवल्यावर. आता मी टिंबाला खालून एक बारीक दांडी काढते, लांबून दिसत नाही.

नुसतं बघायचं असेल तर पीडीएफ. यात वाद नाही. कुठल्याही मोबाईलवर उघडते, फॉन्ट पोटात घेऊन जाते, कोणी रेषा हलवू शकत नाही (म्हणजे अगदीच नाही असं नाही, ऑटोकॅड २०१७ पासून पीडीएफ परत ड्रॉइंगमध्ये आणायची सोय आलीय आणि रेषा बऱ्यापैकी येतात सुद्धा, पण वर्तुळाचं कधी तुकड्यातुकड्याचं वर्तुळ होतं, लेयरचा (ड्रॉइंगमधल्या थरांचा) घोळ असतो, मापं हातात कॅल्क्युलेटर घेऊन तपासावी लागतात). पण पीडीएफ दोन जातीच्या असतात हे लोकांच्या लक्षात येत नाही. कॅडमधून काढलेली पीडीएफ कितीही मोठी करा रेषा धारदार राहते. आणि प्रिंट काढून, त्यावर चहाचा कप ठेवून, मग मोबाईलने फोटो मारून केलेली पीडीएफ म्हणजे तो फोटोच, त्यातून काही निघत नाही, परत सगळं काढावं लागतं आणि त्याचे पैसे मी लावते. प्रिंट काढताना "फिट टू पेज" वर टिक असली की स्केल गेलंच, मग त्यावर फूटपट्टी ठेवून माप घेणारा माणूस फसतो. आणि असे फूटपट्टीवाले अजून आहेत, त्यातले काही तर सूतात बोलतात, "मॅडम हे दोन सूत कमी पडतंय". एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ एमएम, मी आता डोक्यातच करते.

आता डीएक्सएफ आणि माझं लोखंड.

डीएक्सएफ पण ऑटोकॅडच्या पहिल्या व्हर्जनपासूनच, १९८२. ही मुद्दाम दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्यासाठी काढलेली फाईल, आणि हिची रचना छापून जाहीर केलेली आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर सरळ वाचता येते, एका ओळीत आकडा आणि खालच्या ओळीत त्याचा अर्थ अशी जोडी. शून्य आला की खाली वस्तूचं नाव, लाईन किंवा सर्कल, आठ आला की खाली लेयरचं नाव, १० आणि २० खाली एक्स आणि वाय. एवढंच. म्हणून लेझर, प्लाझ्मा, वॉटरजेट, वायरकट, राऊटर, सगळी मशीनं हीच खातात, आणि बऱ्याच जणांना अजून ऑटोकॅडच्या आर१२ या जुन्या व्हर्जनचीच डीएक्सएफ लागते, जी १९९२ सालची आहे. आर१२ ला स्प्लाईन (मुक्त वळणाची रेघ) माहीत नाही, इलिप्स (लंबवर्तुळ) माहीत नाही, त्यामुळे ती वळणं बारीक बारीक सरळ तुकड्यांची होऊन जातात आणि मग कापताना मशीन त्या प्रत्येक तुकड्याला अडखळतं, कड खरबरीत येते. मी आधीच सगळी वळणं आर्कमध्ये, म्हणजे वर्तुळाच्या तुकड्यांत, बसवून घेते, वेळ जातो पण कड गुळगुळीत येते.

तर झालं असं. एका कंपनीचं काम होतं, १० एमएम एमएसच्या (साध्या पोलादाच्या) बेसप्लेट, ३०० बाय २००, दोन स्लॉट, ४० नग. ड्रॉइंग झालं, मंजूर झालं. संध्याकाळी साडेसहाला फोन, "स्लॉटचं अंतर १४२ च्या जागी १४५ करा आणि पाठवून द्या, उद्या सकाळी कटिंगला लावायचंय." मी घाईत. मुलाला क्लासवरून आणायचं होतं. डायमेन्शनवर डबल क्लिक केलं, १४५ टाईप केलं, पीडीएफ काढली, डीएक्सएफ काढली, दोन्ही पाठवल्या आणि गाडीला किक मारली.

ज्यांना कळलं त्यांनी कपाळावर हात मारला असेल. ज्यांना नाही कळलं त्यांच्यासाठी, मी फक्त आकडा बदलला, रेषा तिथेच राहिल्या. पीडीएफ बघणाऱ्या साहेबांनी १४५ वाचलं आणि ओके दिलं. लेझरच्या ऑपरेटरने डीएक्सएफ मशीनला घातली, डायमेन्शनचा लेयर बंद करून, तसंच करतात, नाहीतर मशीन आकडे पण कापायला निघेल. मशीनला आकडे वाचता येत नाहीत, ते रेषेवरून जातं. रेषा सांगत होत्या १४२, मशीनने १४२ कापलं, चाळीसच्या चाळीस, एकसारखं, अचूक. एक प्लेट साधारण ४.७ किलो, चाळीस म्हणजे १८८ किलो. दुसऱ्या दिवशी दुपारी फिटरने बोल्ट घालून बघितला तेव्हा कळलं.

ऑपरेटरची चूक शून्य, मी तेव्हाच सांगितलं, कारण तिथे आधी त्या पोरावरच ओरडणं सुरू झालं होतं. नवीन माल कापायचा खर्च मी भरला, जुन्या प्लेट त्यांनी स्लॉट वाढवून दुसऱ्या कुठल्यातरी कामाला घेतल्या आणि थोडे पैसे परत केले, ते त्यांचं मोठेपण. पण त्या दिवसापासून कुठलंही ड्रॉइंग बाहेर जायच्या आधी मी सगळी डायमेन्शन सिलेक्ट करते आणि प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराईडचा (हाताने टाकलेल्या आकड्याचा) रकाना रिकामा आहे का ते बघते. दुसऱ्याचं ड्रॉइंग आलं तर आधी हेच बघते. आणि काय सांगू, इतक्या ठिकाणी सापडतं! मोठमोठ्या कंपन्यांच्या ड्रॉइंगमध्ये सापडतं. साडेसहाचे फोन सगळीकडेच येत असणार.

डीएक्सएफचे बाकी घोळ पटापट सांगते. एकावर एक दोन रेषा असल्या तर मशीन तिथून दोनदा जातं, ओव्हरकिल कमांड मारायची. कोपऱ्यात केसाएवढी फट असली तरी नेस्टिंगचं (पत्र्यावर तुकडे बसवायचं) सॉफ्टवेअर कंटूर ओपन आहे, म्हणजे कड बंद होत नाही, म्हणून बोंब मारतं. बेंडच्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा आणि लेयरला नाव द्या, नाहीतर वाकवायच्या जागी पत्रा कापून दोन तुकडे मिळतील. कर्फ, म्हणजे लेझरच्या जाडीचा जो भाग जळून जातो तो, तुम्ही ड्रॉइंगमध्ये धरू नका, ते मशीनवाले धरतात, दोघांनी धरला की भोक लहान. आणि युनिट. नवीन डीएक्सएफमध्ये वरच्या भागात एक नोंद असते, १ असला तर इंच, ४ असला तर एमएम, ६ असला तर मीटर, पण आर१२ च्या जमान्यात ही भानगडच नव्हती, त्यामुळे तिथे १०० म्हणजे १०० काय हे फाईल सांगत नाही, मशीन आपलं एमएम समजून घेतं. म्हणून मी मेसेजमध्ये एक ओळ लिहितेच, "एमएममध्ये आहे, बाहेरचं माप ३०० बाय २००". ऑपरेटरने फाईल घातली की पहिलं तेच बघायचं.

थ्रीडीकडे वळू. इथे फौंड्र्यांमुळे बाहेरच्या देशातले पार्ट बरेच येतात आणि ते येतात स्टेप फाईलमध्ये. त्याच्या आधी आयजेस होती, १९८० ची, इतकी जुनी की तिच्या प्रत्येक ओळीत बरोब्बर ८० अक्षरं असतात कारण पंच कार्डावर तेवढीच बसायची. आयजेसमधून बहुतेक वेळा नुसते पृष्ठभाग येतात, आणि दोन पृष्ठभागांच्या मध्ये फटी राहतात, म्हणजे दिसायला पार्ट पण आतून पोकळ, फाटलेल्या चेंडूसारखा, मग शिवत बसा. कोणी आयजेस पाठवली तर मी एकदा गोड बोलून स्टेप मागते. स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३, १९९४ पासून, ही भरीव पार्ट पाठवते. हिच्यात पण पोटजाती आहेत, एपी२०३, एपी२१४ आणि २०१४ मध्ये आलेली एपी२४२, जी दोघींना एकत्र करते आणि मापं-टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पण थ्रीडीवरच घेऊन जाऊ शकते. सेव्ह करताना पर्याय विचारला तर २४२ घ्या, समोरचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर २१४.

स्टेपमध्ये एक गोष्ट जात नाही, पार्टची कुंडली. आधी काय काढलं, मग कुठे भोक मारलं, कुठे फिलेट (गोल कोपरा) दिला तो सगळा इतिहास मूळ फाईलमध्ये राहतो, स्टेपमध्ये नुसता तयार झालेला पार्ट. काही जणांना हे वाईट वाटतं, मला तर ते बरंच वाटतं. माझं गिऱ्हाईक मूळ सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरची फाईल मागतं तेव्हा मी स्पष्ट विचारते की ते ठरलंय का आपलं. ठरलं नसेल तर स्टेप. शेवटी त्या इतिहासातच माझं डोकं असतं ना. (आणि ठरलं असेल तर पॅक अँड गो (सगळ्या फाईल एकत्र बांधून) करून द्यावी, नुसती असेंब्लीची फाईल दिली तर समोरच्याला रिकामं ताट दिसतं, आतले पार्ट कुठेत म्हणून विचारत बसतो.)

पण कुठल्याच फॉरमॅटमध्ये न बसणारी माहिती पण असते. आमच्या ओळखीचे एक म्हातारे पॅटर्न मेकर आहेत, थ्रीडी फाईल घेऊन गेलं की पहिला प्रश्न, "श्रिंकेज धरलंय का यात?" ओतलेलं लोखंड गार होताना आक्रसतं, सीआयला (बिडाला) साधारण १ टक्का धरतात, तेवढा पॅटर्न मोठा लागतो. आता फाईलमध्ये ५०५ आहे, तर तो पार्टच ५०५ चा आहे की ५०० चा पार्ट आणि वर श्रिंकेज? मशिनिंगचा अलाऊन्स (मशीनवर घासून काढायची जादा जाडी) धरलाय की हा फायनल पार्ट आहे? स्टेप काही सांगत नाही. फाईलच्या नावात लिहा, मेसेजमध्ये लिहा, पण लिहा. "फायनल_नवीन_२" असलं नाव त्या म्हाताऱ्यांच्या काय कामाचं.

थ्रीडी प्रिंटला एसटीएल चालते, १९८७ ची, थ्रीडी सिस्टीम्स कंपनीची, नुसते त्रिकोण. गोल भोक म्हणजे पण त्रिकोणांचंच, आणि युनिट मुळीच नाही. एकाने इंचात काढलेलं बेअरिंगचं ४ इंची झाकण एसटीएल करून प्रिंटिंगला पाठवलं होतं, ४ एमएमचं आलं, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. प्रिंटिंगवाल्या पोराने प्रेमाने डबीत घालून दिलं. २०१५ पासून थ्रीएमएफ आहे, तिच्यात युनिट लिहिलेलं असतं, प्रिंटर घेत असेल तर तीच द्या. आणि एसटीएल देऊन "यात जरा हे भोक मोठं करा" असं कृपया कोणाला सांगू नका, भाजलेली भाकरी परत पिठात मळता येत नाही.

हे सगळं वाचून वाटेल की हे छोट्या लोकांचे घोळ, मोठ्या ठिकाणी सगळं व्यवस्थित असणार. एअरबसच्या ए३८० विमानाचं बघा. जर्मनीत हॅम्बुर्गला कॅटिया या डिझाईन सॉफ्टवेअरचं व्हर्जन ४ आणि फ्रान्समध्ये तुलूझला व्हर्जन ५. सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं, व्हर्जन वेगळं. विमानात वायरिंग ५०० किलोमीटरहून जास्त. हॅम्बुर्गहून आलेले विमानाचे भाग तुलूझला जोडायला घेतले तर वायरी तोकड्या पडल्या. २००६ मध्ये हे बाहेर आलं आणि विमानांची डिलिव्हरी पुढे पुढे ढकलत गेली. माझे तर चाळीसच नग होते.

सध्या माझी पद्धत अशी आहे, प्रत्येक कामाला एक झिप, त्यात बघायला पीडीएफ, मशीनला डीएक्सएफ, आणि पार्ट थ्रीडी असेल तर स्टेप. तिन्हींचं नाव एकच, शेवटी रिव्हिजनचा नंबर. बदल झाला की तिन्ही परत काढायच्या, एक जरी जुनी राहिली तरी तीच नेमकी मशीनला जाते. पाठवली की पीडीएफ उघडून एक माप बघायचं आणि तेच माप डीएक्सएफमध्ये मोजायचं. दोन मिनिटं लागतात.

असो, पोहे गार झाले होते. काकांना फोनवर समजावलं की कॉम्प्युटरवर बसा, शॉर्टकटवर राईट क्लिक करा, फाईल खरी कुठं आहे तो फोल्डर उघडा, तिथली फाईल पाठवा. मागून त्यांच्या मुलीचा आवाज येत होता, तीच करत असावी बहुतेक. अर्ध्या तासाने मेसेज आला, "पाठवली बघा मॅडम, ह्यावेळी बरोबर हाय". ३ एमबीची, म्हणजे खरी फाईल. उघडायला गेले तर सीडीआर. गेटच्या वरच्या पट्टीचं डिझाईन फ्लेक्सवाल्याने कोरलड्रॉमध्ये केलं होतं, आणि बंगल्याचं नाव "मातोश्री" जुन्या फॉन्टमध्ये, कर्व्हमध्ये न फोडता, त्यामुळे माझ्याकडे तिथे दोन ब्रॅकेट, एक डॉलर आणि असंच काहीबाही. काकांना म्हटलं फ्लेक्सवाल्याचा नंबर द्या. ते म्हणाले, "रविवार हाय मॅडम, तो उचलणार न्हाई, पण आमच्यात तर उघडतंय की."